माळेगावच्या बाजारातली वयस्क घोडी : घ्यावी का, अन् घेतली तर भरवावी का?

लोहा / अहमदपूर : मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते अन् यात्रेला तोंड फुटतं. नांदेड-लातूर रस्त्यावरचं लोहा तालुक्यातलं हे गाव तेवढे दिवस माणसांनी, घोड्यांनी, गाढवांनी, उंटांनी आणि लाल कंधारी-देवणी जनावरांनी भरून जातं. घोड्याच्या बाजारात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक पैसेवाले शौकीन, ज्यांना चार वर्षांची उमदी, चालीची घोडी पाहिजे. दुसरे आपल्यासारखे. वरातीचा धंदा करायचाय, नाहीतर घरी एखादं जनावर असावं अशी हौस आहे, पण खिशात तेवढा पैसा नाही. अशा माणसाला व्यापारी हमखास एक वयस्क घोडी दाखवतो. शांत आहे, लेकरू बसलं तरी हलत नाही, किंमत निम्म्याहून कमी. वर एक वाक्य टाकतो, “घोडी चांगली शिंगरं देती. एक शिंगरू इकलं की घोडी फुकटात पडली म्हणून समजा.”

सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे. ते कधी खरं निघतं, कधी नाही. घोडी म्हणजे गाय नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावं. गाईचं गणित गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, म्हणून तेच घोडीला लावलं जातं अन् माणूस फसतो.

वय तोंडात बघावं, व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकू नये

बैलाचं वय आपण दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला असं बघतो. घोड्याचंही तसंच बघतात, फक्त खूण वेगळी. घोड्याला वरखाली दोन्हीकडं पुढचे सहा-सहा दात असतात. मधली जोडी अडीच वर्षाला बदलते, शेजारची साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. पाच वर्षांचं घोडं म्हणजे पूर्ण तोंडाचं. त्यानंतर खालच्या दातांवरचे काळे खड्डे घासून नाहीसे होत जातात. मधल्या जोडीचे साधारण सहाव्या वर्षी, शेजारचे सातव्या, कोपऱ्याचे आठव्या. म्हणजे आठ वर्षांपर्यंत वय बऱ्यापैकी अचूक सांगता येतं.

त्याच्या पुढं मात्र अंदाज. तरी एक चांगली खूण आहे. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर, बाहेरच्या बाजूनं, हिरडीपाशी एक तपकिरी खाच सुरू होते. ती साधारण दहाव्या वर्षी दिसायला लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते अन् विसाव्या वर्षी खालपर्यंत पोचते. शिवाय म्हाताऱ्या घोडीचे दात बाजूनं बघितले तर उभे राहत नाहीत, पुढं निघालेले दिसतात. या खुणांत दोन-तीन वर्षांचा फरक पडू शकतो, पण ‘नऊ वर्षांची’ म्हणून सांगितलेल्या घोडीची खाच अर्ध्यावर आली असेल, तर ती पंधराच्या आसपास आहे हे समजून भाव करावा.

दाताला तापलेली सळई लावून खोटे काळे खड्डे पाडणं, डोळ्याभोवतीच्या पांढऱ्या केसांना कलप लावणं, लंगडत्या पायाला सकाळीच वेदनाशामक इंजेक्शन देणं, हे घोड्याच्या व्यापारातले जगभरचे जुने उद्योग आहेत. म्हणून घोडी सावलीत, खुंटीला बांधलेली बघून इसार देऊ नये. कडक जमिनीवर सरळ चालवावी, दुडकी पळवावी, दोन्ही बाजूंनी वळवावी. जमलं तर सकाळी एकदा अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघावी. इंजेक्शनचा असर उतरला की पाय खरं बोलतो.

भोवरे, देवमन, पंचकल्याण यावर बाजारात तासन्‌तास चर्चा होते अन् भावही त्यावर वरखाली होतो. ज्याची त्याची श्रद्धा. पण भोवरा बघण्यात अर्धा तास जातो अन् शेपूट उचलून बघायला कुणी दोन मिनिटं देत नाही. घोडी भरवायची असेल तर खरी माहिती तिथंच आहे.

शेपटीखाली काय बघायचं

तरण्या घोडीची योनी उभी, दोन्ही ओठ घट्ट मिटलेले अन् गुदद्वाराच्या रेषेत असते. घोडी म्हातारी झाली, चार-सहा वेळा व्याली, वरून वाळली, की गुदद्वार आत ओढलं जातं अन् योनीचा वरचा भाग आडवा होत जातो. मग लीद थेट त्यावर पडते. ओठ सैल असतील तर चालताना आत हवा ओढली जाते, तिच्याबरोबर घाण जाते अन् गर्भाशयाला सूज येते. अशी घोडी कितीही वेळा भरवली तरी थांबत नाही, थांबली तरी टिकत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा शेपटीच्या केसांना चिकट वाळलेला स्राव असेल तर तो या दुखण्याचाच पुरावा.

यावर इलाज आहे. पशुवैद्यक योनीचा वरचा भाग भूल देऊन शिवतात, त्यानं हवा-घाण आत जायची थांबते. पण शिवलेली घोडी विण्याआधी पुन्हा उघडून द्यावी लागते. ते विसरलं तर विताना फाटते. म्हणून बाजारातून आणलेली घोडी आधी कधी शिवलेली आहे का, हेही बघून घ्यावं.

घोडी पांढरी असेल तर शेपटीखाली अजून एक गोष्ट बघायची. कातडी काळी अन् केस पांढरे, म्हणजे ती जन्मतः पांढरी नव्हे. ती सब्जा. जन्मली तेव्हा गडद होती, वयानं पांढरी झाली. अशा घोड्यांना म्हातारपणी शेपटीखाली, गुदद्वाराभोवती काळ्या गाठी येणं फार नेहमीचं आहे. बहुतेक गाठी सावकाश वाढतात, पण मोठ्या गाठी असतील तर विण्याच्या वाटेत अडचण. गुलाबी कातडीची ती नुकरा. वरातीला नुकऱ्याला मागणी असते म्हणून लोक हिशेब करतात, की नुकरी घोडी घेतली म्हणजे नुकरं शिंगरू. तशी हमी कुणी देऊ शकत नाही. सब्जा घोडीचं शिंगरूही सब्जाच होईल असं नाही. घोडीत त्या रंगाचा अंश एकाच बाजूनं आलेला असेल अन् घोडा रंगीत असेल, तर निम्मी शिंगरं आयुष्यभर रंगीत राहतात.

‘घोडी गाभण आहे’

हे वाक्य ऐकून किंमत वाढवून देणारे दरवर्षी फसतात. वयस्क घोडीचं पोट नुसत्या भुसकटानंही खाली लोंबतं. पोट बघून, कुशीला हात लावून गाभण ठरवणं म्हणजे पत्ते पिसणं. खात्री करायची असेल तर सोनोग्राफी. ती घोडा दाखवल्यापासून चौदा ते सोळा दिवसांत गर्भ दाखवते, अन् पंचवीस-अठ्ठावीस दिवसांनी गर्भाच्या काळजाचे ठोकेही दिसतात. हातानं तपासूनही कळतं, पण घोडीच्या गुदाशयाची भिंत गाईपेक्षा लवकर फाटते अन् फाटली तर घोडी बहुधा जाते. म्हणून गाईम्हशी तपासणाऱ्या गावातल्या कुणालाही घोडीत हात घालू देऊ नये. घोड्याची सवय असलेला पदवीधर पशुवैद्यकच पाहिजे. आपल्या भागात उदगीरला अन् परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोडी घ्यायच्या आधीच तिथं चौकशी करून ठेवावी. तातडीच्या वेळी १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहेच.

घोडीच्या पायाशी शिंगरू उभं आहे, म्हणजे ती व्यायलेली आहे हे तरी पक्कं ना? तेही नाही. शिंगरू तिलाच पितं का, हे थांबून बघावं. पाजत असेल तर मात्र ती मोठी जमेची गोष्ट. मागच्या सालापर्यंत नियमानं वीत आलेली सोळा वर्षांची घोडी ही पाच-सहा साल रिकामी राहिलेल्या बारा वर्षांच्या घोडीपेक्षा बरी. आणि सगळ्यात अवघड कोण, तर आयुष्यभर वरातीत नाचवलेली, एकदाही न व्यायलेली पंधरा वर्षांची घोडी. तिचं गर्भाशयाचं तोंड नीट उघडत नाही, घोड्याचं बीज आत गेल्यावर घाण बाहेर पडत नाही, पाणी साठून राहतं. गिऱ्हाइकाला वाटतं, हिची ताकद खर्च झालेली नाही, ही चांगली. नेमकं उलटं असतं.

वयानं नेमकं काय बिघडतं

घोडीची माजाची साखळी एकवीस दिवसांच्या आसपास असते अन् ती पाच ते सात दिवस माजावर राहते. गाईचा माज दिवसाच्या आत सरतो, तसं इथं नाही. बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. तेरा-पंधरा वर्षांपर्यंत बहुतेक घोड्या चांगल्या थांबतात. त्यानंतर प्रमाण घसरत जातं अन् अठरा-वीसनंतर फार कमी होतं. कारणं दोन. म्हाताऱ्या घोडीचं बीजच कमजोर होतं, त्यामुळं गर्भ धरला तरी पहिल्या दीड-दोन महिन्यांत विरघळून जातो. मालक म्हणतो ‘थांबली होती, उलटली’. दुसरं, गर्भाशयाच्या अस्तरात गाठी अन् चट्टे पडतात, गर्भाला पोषण पुरत नाही. अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासला तर घोडी शिंगरू शेवटपर्यंत सांभाळू शकेल का, याचा चांगला अंदाज येतो. अस्तराची प्रत त्यात चार पायऱ्यांत ठरवतात. शेवटच्या पायरीची घोडी निघाली तर भरवायचा नाद सोडून द्यावा. ही तपासणी खर्चाची वाटते, पण एक वर्षाच्या वैरणीपेक्षा स्वस्त पडते.

म्हाताऱ्या घोडीचा धोका विण्यापर्यंत अन् नंतरही असतो. वयानं गर्भाशयाची रक्तवाहिनी कडक होते अन् विताना किंवा विल्यावर काही तासांत फुटू शकते. घोडीला दरदरून घाम येतो, पोटात कळ आल्यासारखी करते, हिरड्या पांढऱ्या पडतात. अशा वेळी तिला फिरवू नये, अंधारात शांत उभी ठेवावी अन् डॉक्टरला बोलवावं. बऱ्याच घोड्या त्यातून वाचत नाहीत. शिंगराच्या हौसेपायी घोडीचा जीव जाऊ शकतो, एवढं माहीत असूनच भरवायचं की नाही ते ठरवावं.

माळेगावला घेतली, तर घाई करायची गरजच नाही

यात्रा भरते डिसेंबर-जानेवारीत. घोडी हे दिवस मोठा होऊ लागला की माजावर येणारं जनावर. थंडीत बहुतेक घोड्यांचा माज बंद असतो. फेब्रुवारीत तो अर्धवट सुरू होतो, घोडी आठ-आठ, दहा-दहा दिवस माज दाखवते पण बीज सुटत नाही. या काळात रोज घोडा दाखवून काही उपयोग नाही, उलट म्हाताऱ्या घोडीच्या गर्भाशयाला सूज येते. खरी साखळी मार्च-एप्रिलपासून लागते.

म्हणजे घरी आणल्यावर दोन-अडीच महिने हातात असतात. तेवढ्यात दात बघून टोकदार कडा घासून घ्याव्यात, जंताचं औषध द्यावं, धनुर्वाताची लस टोचावी, खुरं कातरून नालबंदाला दाखवावीत, अन् अंगात भरवावी. बरगड्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, एवढी भरलेली घोडी लवकर थांबते. वाळलेली घोडी भरवणं म्हणजे घोड्याच्या मालकाला पैसे देणं, एवढंच.

समजा १५ मार्चला घोडी भरली. घोडीचे दिवस सरासरी ३४० धरले तर ती १८ फेब्रुवारीच्या आसपास विते. दहा-पंधरा दिवस इकडंतिकडं हे नेहमीचं. आपल्या भागाला हा हिशेब बरा पडतो. शिंगरू मेच्या उन्हाआधी तीन महिन्यांचं होतं, ज्वारीचा नवा कडबा गंजीला लागलेला असतो. जुलैत भरवलेली घोडी जूनमध्ये, मृगाच्या चिखलात विते. कोवळ्या शिंगराची नाळ अन् चिखल यांचं जमत नाही. पाण्याचाही विचार करावा. पाजणाऱ्या घोडीला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

घोडा कोणता लावायचा, हा वेगळा विषय. धनगराच्या वाड्यावरचं भीमथडी तट्टू असो की मारवाडी-काठेवाडी, जातीला जात लावली तर शिंगराला नाव अन् भाव मिळतो. भीमथडीला आता देशाच्या पशुधन नोंदणीत स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेली आहे, त्यामुळं चांगल्या भीमथडी घोडीला भलताच उंच घोडा लावून जात घालवू नये. मात्र ‘मोठा घोडा लावला तर शिंगरू अडेल’ ही भीती वाटते तेवढी खरी नाही. इंग्लंडात वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी १९३८ मध्ये अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलंड जातीचा संकर करून दाखवून दिलं, की जन्मणाऱ्या शिंगराचा आकार मुख्यतः आईच्या गर्भाशयावर ठरतो.

वयस्क घोडीला माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड, अन् जमलं तर सोनोग्राफीनं बीज बघून एकदाच नेमका घोडा लावावा. नंतर दुसऱ्या दिवशी गर्भाशयात पाणी साठलंय का ते डॉक्टरकडून बघून घ्यावं. साठलं असेल तर धुऊन, इंजेक्शन देऊन ते काढता येतं. याच एका गोष्टीमुळं म्हाताऱ्या घोड्या थांबतात किंवा थांबत नाहीत. पंधराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी, अन् त्यात जुळं तर नाही ना हे आवर्जून विचारावं. घोडीला जुळं म्हणजे आनंदाची गोष्ट नाही. बहुतेक वेळा ते सात-आठ महिन्यांना पडतं. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत कळलं तर डॉक्टर दोनपैकी एक गर्भ काढू शकतात, पुढं ते अवघड होतं.

गावात गाईला कृत्रिम रेतन करणारा माणूस घोडीचं काम करू शकत नाही. घोड्याचं गोठवलेलं वीर्य अन् त्याचं तंत्र हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं आणि त्याच्या बिकानेरच्या शाखेत आहे, पण आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ते मिळेल असं धरून चालू नये. इथं अजूनही घोडाच शोधावा लागतो.

ग्लँडर्स अन् सर्रा

घोडा लावायच्या आधी दोन्हीकडचं रक्त तपासलेलं असावं. ग्लँडर्सला हसण्यावारी नेऊ नये. नाकातून घट्ट पिवळा स्राव, नाकात व्रण, पायावर फुटणाऱ्या गाठी. हा रोग माणसालाही होतो अन् जीव घेऊ शकतो. २००६ मध्ये पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांमध्ये तो निघाला होता. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यात त्याची खबर देणं बंधनकारक आहे. रोग पक्का झालेल्या घोड्यावर इलाज करत नाहीत, त्याला मारावंच लागतं. त्यामुळं अहवाल नसलेली घोडी स्वस्त मिळाली तरी महाग.

सर्रा हा माश्या चावून पसरतो, पावसाळ्यानंतर जास्त. ताप येतो-जातो, पोटाखाली अन् पायांना सूज, घोडी खात असूनही वाळत जाते. गाभण घोडी यात शिंगरू टाकते. वयस्क घोडी वाळली की लोक ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. एकदा रक्त बघितलं तर इलाज होण्यासारखं दुखणं निघू शकतं.

चारा आपलाच, पण घोडीला सगळा चालत नाही

कडबा चालतो. स्वच्छ, बुरशी नसलेला, कुट्टी केलेला. दात झिजलेल्या घोडीला तो पाणी शिंपडून, मऊ करून द्यावा, नाहीतर ती चोथा करून थुंकते, किंवा आतड्यात गोळा बसून पोटशूळ होतो. हिरवी कोवळी ज्वारी अन् सुदान गवत मात्र घोड्याला देऊ नये. गाईबैलांना कोवळ्या ज्वारीची विषबाधा होते हे सगळ्यांना माहीत आहे. घोड्याला वेगळंच होतं. थोडी-थोडी खाऊनही मूत्राशय सुजतो, लघवी गळत राहते, मागचे पाय लटपटतात. गाभण घोडी शिंगरू टाकते किंवा शिंगराचे सांधे आखडलेले निघतात. सोयाबीनचं भुसकट लातूर-नांदेडला ढिगानं पडलेलं असतं, फुकट मिळतं. पण ते जाडंभरडं, दांडकं असतं. म्हाताऱ्या घोडीला त्यावर ठेवणं म्हणजे पोटदुखीला आमंत्रण.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाईम्हशींचं तयार पशुखाद्य घोडीला घालू नये. काही पशुखाद्यात, तसंच कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते मानवतं, घोड्याच्या काळजाला थोडंही विषारी. एकाच गोठ्यात गाय अन् घोडी असली की ही चूक सहज होते. घोडीला भिजवलेला हरभरा, बाजरी, गव्हाचा कोंडा, मीठ, एवढं घरचंच पुरतं.

आता वैरणीचा हिशेब. तीनशे किलोची घोडी दिवसाला सहा किलो कोरडी वैरण खाते असं धरलं तर वर्षाला जवळपास बावीस क्विंटल कडबा. दोन किलो खुराक धरला तर वर्षाला सव्वासात क्विंटलच्या वर. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अन् पाजताना खुराक वाढवावा लागतो. अकरा महिने पोटात, पाच-सहा महिने आईजवळ, मग अडीच-तीन वर्षांचं झाल्यावर शिंगराला खरा भाव. म्हणजे भरवल्यापासून पैसा हातात यायला चार वर्षं. सोळा वर्षांची घोडी तोपर्यंत वीस वर्षांची होते. आपल्या गावातला कडब्याचा अन् हरभऱ्याचा भाव घालून ज्यानं त्यानं हा हिशेब कागदावर मांडावा. कडबा विकत घ्यावा लागत असेल अन् शिंगरू दूध तुटल्यावर लगेच विकायचं असेल, तर बहुतेकांचं उत्तर तोट्यात येतं. घरचा कडबा, घरची माणसं अन् ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर जमतं.

केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या व्यवसायालाही जागा दिली. भांडवलाला ५० टक्के, कमाल ५० लाखांपर्यंत अनुदान. त्यामागं कारणही आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू मिळून साडेतीन लाखसुद्धा भरले नाहीत, २०१२ च्या तुलनेत ४५ टक्क्यांहून जास्त घट. पण ही योजना मोठ्या प्रकल्पांची आहे. एका म्हाताऱ्या घोडीच्या भरवशावर कुणी त्याचा अर्ज भरू नये.

विण्याची रात्र

घोड्या बहुतेक रात्रीच वितात. कास महिनाभर आधी भरते, शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसतात. पाणमोट फुटल्यावर वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर पाहिजे. गाईसारखं दोन-चार तास वाट बघणं इथं चालत नाही. अर्धा तास झाला अन् काही दिसत नाही, किंवा पांढऱ्या पिशवीऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी बाहेर आली, तर डॉक्टर यायची वाट न बघता ती फाडून शिंगरू काढावं लागतं, कारण त्याचा श्वास तुटलेला असतो.

तासाभरात शिंगरू उभं, दोन तासांत पाजायला लागलेलं, अन् तीन तासांत वार पडलेली असावी. गाईची वार दुसऱ्या दिवशी पडली तरी आपण थांबतो. घोडीची तीन तासांत पडली नाही तर तातडीनं डॉक्टर. राहिलेल्या तुकड्याचं विष अंगात भिनून चारही पायांच्या खुरांना सूज येते अन् घोडी कायमची लंगडी होते. वार ओढून काढू नये. पडल्यावर पसरून बघावी, तुकडा आत राहिलेला नाही ना. शिंगराची नाळ आयोडिनमध्ये बुडवावी. चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाच पाहिजे, कारण शिंगरू रोगाशी लढायची सगळी ताकद त्यातूनच घेतं. म्हाताऱ्या घोडीचा चीक कधीकधी पातळ, कमजोर असतो. तसं वाटलं तर डॉक्टरकडून शिंगराचं रक्त पहिल्याच दिवशी तपासून घ्यावं.

भरवायची नसेल तर

वीस-बावीस वर्षांची शांत घोडी लेकरांना बसायला शिकवते. हलक्या वरातीला चालते. बँड-डीजेच्या आवाजाला न बुजणारं जनावर ही वरातवाल्यासाठी मोठी गोष्ट, अन् ते नव्या घोडीत पैसे देऊनही मिळत नाही. पाय साथ देतात तोवर ती कमावते. भरवली की तिला शेवटच्या तीन महिन्यांत अन् पाजण्याच्या काळात वरात बंद, म्हणजे लग्नसराईचा एक हंगाम जवळजवळ जातोच. फेब्रुवारीत विणारी घोडी एप्रिल-मेच्या तिथींना कामाला येत नाही. वरातीवर घर चालणाऱ्यानं हे नुकसान शिंगराच्या किमतीतून वजा करून बघावं.

नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात आजही घोडे सांभाळले जातात, दसरा अन् होळीच्या हल्लाबोल मिरवणुकीत ते बघायला गर्दी होते. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशाचे म्हणून त्यांना मान आहे. एखाद्या घोडीचा वंश पुढं चालवायचा तर ती वंश चालवण्यासारखी पाहिजे. सरळ पाय, चांगलं काळीज, गोड स्वभाव. लंगडी, चावरी, आंधळी होत चाललेली घोडी ‘घरात आहेच तर’ म्हणून भरवली, की तिचे दोष घेऊन एक शिंगरू जन्मतं अन् पुढच्या यात्रेला तेच स्वस्तात विकायला उभं राहतं.

घ्यायचं ठरलंच, तर पावतीवर रंग, खुणा, अंदाजे वय अन् ‘गाभण’ म्हणून विकली असेल तर तसं लिहून घ्यावं. विकणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स अन् मोबाईल नंबर घ्यावा. टेम्पोत घालण्याआधी प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. माळेगावच्या यात्रेत पशुसंवर्धन विभागाचे डॉक्टर असतातच. इसार देण्याआधी त्यांच्याकडून घोडी एकदा बघून घ्यावी, अन् घरी आल्यावर तीन आठवडे ती बाकीच्या जनावरांपासून लांब, वेगळ्या दावणीला बांधावी.